चार दिवस, चार शर्यती आणि शाळेपासूनची मैत्रीण

तळ्याकाठची

जानेवारीत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण फ्लोरिडाला जाऊन चार दिवसांत चार शर्यती धावून आलो. आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक या वर्षी चुकली, त्याची हुरहूर आहेच, पण गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, तरी सापडला. आणि गड्ड्यात, तळ्यावर, भाजी घेताना जो भेटतो तो विचारतो: नेमकं काय होतं ते, एवढ्या लांब कशाला, आणि दोघींनी मिळून कसं निभावलं? मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. म्हणून हा धागा.

आधी माहिती. ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, म्हणजे चार पार्कांच्या मनोरंजन बागेत, १९९४ पासून जानेवारीत मॅरेथॉन होते. आता तो चार दिवसांचा सोहळाच झालाय. गुरुवारी ५ किमी, शुक्रवारी १०, शनिवारी अर्ध मॅरेथॉन (२१ किमी) आणि रविवारी पूर्ण (४२ किमी). शनिवार-रविवार दोन्ही धावलात तर 'गूफी चॅलेंज', हे २००६ पासून आहे. चारही धावलात तर 'डोपी चॅलेंज', ते २०१४ पासून. डोपी म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीतला बिनदाढीचा बुटका. चार दिवसांचे मिळून ४८.६ मैल, म्हणजे ७८ किमीच्या थोडं वर. पदकं सहा मिळतात: चार शर्यतींची चार, गूफीचं एक, डोपीचं एक.

आम्ही दोघी शेहेचाळीस वर्षांच्या. वेगवान अजिबात नाही. सपाटीवर किलोमीटरला साडेआठ मिनिटं, हा आमचा दिवसभर टिकणारा वेग. तिथली अट मैलाला १६ मिनिटांची, म्हणजे किलोमीटरला जेमतेम दहा. सगळ्यात शेवटी सुटणाऱ्यांबरोबर फुगे बांधलेल्या काही बायका त्या अचूक वेगाने चालतात. त्या तुमच्या पुढे गेल्या आणि तुम्ही मागे राहिलात, की बस येऊन उचलून नेते. चार दिवस आमच्या डोक्यात ते फुगे होते.

तयारी ऑगस्टपासून केली. दर दोन आठवड्यांनी गुरुवार ते रविवार सलग चार दिवस धावायचं, अंतर हळूहळू वाढवायचं. मधल्या आठवड्यात साधं. डिस्नेच्या शर्यतींचं प्रशिक्षण वेळापत्रक जेफ गॅलोवे यांच्या पद्धतीचं असतं. ते १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये धावले होते. थोडं धाव, थोडं चाल, आणि हे पहिल्या मिनिटापासून, दमल्यावर नाही. आम्ही एक मिनिट धाव, अर्धा मिनिट चाल असं बसवलं. पहाटे साडेचारला सिद्धेश्वर तळ्याला फेऱ्या, तिथून सात रस्ता, विजापूर रोडने कंबर तलाव आणि परत. सोलापूर सपाट, तिथला मार्गही सपाट, चढ फक्त उड्डाणपुलांचे. म्हणून आठवड्यातून एकदा आसरा पुलावर वर-खाली, वर-खाली.

कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसं पायी जातात, आम्हीही दरवर्षी जातो. या वेळी आदल्या दोन दिवशी ५ आणि १० किमी धावून मग ते ४५ किमी चाललो. थकलेल्या पायांवर सात-आठ तास उभं राहणं म्हणजे काय, ते त्या रात्री कळलं. आईच्या दारात बसून मैत्रिणीने बूट काढले तेव्हा तिच्या दोन्ही मोज्यांवर अंगठ्याच्या जागी रक्ताचा रुपयाएवढा डाग होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन आम्ही अर्धा नंबर मोठे बूट घेतले. लांब अंतराला पाय सुजतात, हे वाचलेलं होतं. तो डाग बघितल्यावर पटलं.

तिथे शर्यत पहाटे पाचला सुटते, त्यासाठी दोनला उठायचं, तीनच्या बसमध्ये बसायचं. हे ऐकून सगळे घाबरवत होते, पण तिथले पहाटेचे दोन म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. मुद्दाम शरीर तिकडच्या वेळेला आणलंच नाही. संध्याकाळी सातला झोप यायची, दोनला आपोआप जाग. भारतातून जाणाऱ्यांना हा मोठा फायदा आहे, फक्त शर्यतीच्या तीन-चार दिवसच आधी पोचा. जास्त आधी गेलात तर शरीर तिकडचं होऊन बसतं.

खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी, शेंगा चटणी, गूळ. कडक भाकरी महिनाभर टिकते, हलकी असते, पोटाला सवयीची असते. विमानतळावर खाण्याच्या वस्तू आहेत असं स्वतःहून सांगितलं, पिशवी उघडून दाखवली, सोडलं. रोज पहाटे अडीचला हॉटेलच्या खोलीत आम्ही भाकरीचा चुरा, त्यावर गूळ आणि थोडं तूप असं खायचो. चारही दिवस पोटाची तक्रार नाही.

पहिले दोन दिवस आनंदात गेले. शनिवारी अर्ध मॅरेथॉनमध्ये अंधारातून एका वळणावर डिस्नेचा तो सिंड्रेलाचा किल्ला दिसला, निळ्या दिव्यांत. दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती, आणि रस्ता त्या किल्ल्याच्या कमानीतूनच पलीकडे जातो. मैत्रीण मुसमुसून रडली. मीही.

रविवारी पूर्ण मॅरेथॉन, चारही पार्कांतून. २७ व्या किलोमीटरला एका पुलाचा उतार उतरताना ती लंगडायला लागली. उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू. "तू जा पुढे," म्हणाली. आमचं तसंच ठरलेलं होतं: पहिल्या तीन शर्यती बरोबर, शेवटची ज्याची त्याची. मी नाही गेले. ती चिडली, पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा ओरडली. पुढचे तीन किलोमीटर आम्ही एक शब्द न बोलता शेजारी-शेजारी चाललो.

मी मनात हिशोब करत होते. चार ठिकाणी फोटोसाठी थांबलो होतो, प्रत्येकी आठेक मिनिटं. तरी वेगामुळे नऊ मिनिटं हातात होती, आणि आमचा गट शेवटच्या गटाच्या अर्धा तास आधी सुटलेला. म्हणजे फुग्यांपासून ३९ मिनिटं पुढे. उरलेले १५ किमी अकरा मिनिटांनी चाललो तर किलोमीटरमागे एक मिनिट जाणार, म्हणजे १५ मिनिटं. वीसेक मिनिटं राखून पोचू. हे तिला मोठ्याने सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. एकही फोटो न काढता चालत राहिलो. ७ तास ८ मिनिटांनी दोघी बरोबर पोचलो.

पण मला अजून कळत नाही की थांबले ते बरोबर केलं का. ठरलेलं मी मोडलं. जे मित्र-मैत्रिणीबरोबर लांबचं धावतात, त्यांनी सांगावं.

---

सातरस्ता

ताई, आधी दोघींना दंडवत! गुरुवार-रविवारचा क्रम मीही लिहून घेतलाय. आता रोखठोक विचारतो, खर्च किती आला आणि नाव कसं नोंदवायचं?

---

तळ्याकाठची

@सातरस्ता, डोपीची फी आमच्या वेळी सहाशे डॉलरच्या वर होती. त्याच्या पुढे व्हिसा, विमान, हॉटेल. हॉटेल फक्त शर्यतीच्या पाच रात्रींसाठी घेतलं, बाकी दिवस मैत्रिणीचा भाऊ टँपाला असतो त्याच्याकडे. आम्ही दोघींनी यासाठी दोन वर्षं वेगळी भिशी लावली होती, दर महिन्याला न चुकता. त्या भिशीला हात लावायचा नाही, घरात लग्न निघालं तरी, असं एकमेकींना वचन.

नोंदणी काही महिने आधी उघडते, ऑनलाइन रांग लागते आणि जागा भराभर संपतात. एकदा पैसे भरले की परत मिळत नाहीत, नाव दुसऱ्याला देता येत नाही, बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घ्यायला स्वतः ओळखपत्र घेऊन जावं लागतं. म्हणून व्हिसाचं आधी बघा. आमची मुलाखत मुंबईला होती, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने गेलो. आमच्या एजंटाने एकीच्या अर्जात पासपोर्टचा आकडा चुकवला होता, ते मी रेल्वेत वाचताना सापडलं. भरलेला अर्ज स्वतः वाचा, अक्षर न् अक्षर.

---

रानवारा

वेशभूषेचं राहिलंच की! तिथे सगळे पात्रांचे कपडे घालून धावतात ना?

---

हुरडा

मी ती मैत्रीण. वेशभूषेचं मी सांगते, कारण शिवलं मी. माझं जुळे सोलापुरात शिवणाचं दुकान आहे.

चार दिवस चार पोशाख. पहिल्या दिवशी हिमगौरी: निळी चोळी, पिवळा घेर. शेवटच्या दिवशी मिनी, लाल कापडावर पांढरे ठिपके. नियम असा की घेर जमिनीला लागता कामा नये आणि मोठ्या माणसांना तोंड झाकणारा मुखवटा चालत नाही. मला आपली ओळख हवी होती म्हणून शुक्रवारच्या झग्याला इरकलीचा काठ लावला. दिसायला फार सुरेख झाला, रस्त्यात तीन-चार जणींनी थांबवून विचारलं की हे कुठलं कापड. पण काठ काखेजवळ आला होता आणि मी तो घालून फक्त दुकानात फिरून बघितलं होतं. सहाव्या किलोमीटरपासून कातडी सोलायला लागली. शनिवारी व्हॅसलीन चोपडून, त्या दिवशीच्या झग्याला आतून मऊ सुती पट्टी हाताने शिवली, हॉटेलच्या दिव्यात.

शिवणाऱ्यांसाठी: काठ कमरेला किंवा घेराच्या खाली लावा. काखेत, मांडीत, गळ्याला जरीचा काठ नको. वजन पूर्ण पोशाखाचं अडीचशे ग्रॅमच्या आत ठेवा. आणि निदान १५ किमी तो घालून धावा. लोक बघतात म्हणून लाजू नका. मी मिनीचा झगा घालून पहाटे कंबर तलावाला गेले तेव्हा फिरायला आलेल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

गुडघ्याचं रात्री सविस्तर लिहिते. तिने एक गोष्ट लिहिली नाहीये.

---

पेठकरी

अभिनंदन आहेच. पण मनापासून वाटतं ते लिहितो. एवढा पैसा खर्चून परदेशात एका कंपनीच्या बागेत धावायचं? आपल्याकडे सिद्धेश्वर यात्रेचा चार-पाच दिवसांचा सोहळा काय कमी आहे का? अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आहे, बाराबंदी घालून माणसं अनवाणी चालतात, नंदीध्वज पेलणारे महिना महिना आधी सराव करतात. तोच पोशाख, तीच तयारी, तीच गर्दी.

---

तळ्याकाठची

@पेठकरी, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण तिथे पहिल्या दिवशी मला तेच आठवलं. माझ्या माहेरी काका नंदीध्वजाच्या सरावाला जायचे. रात्री जेवून निघायचे, आम्ही पोरं मागे मागे. काठी एकजण पेलतो पण आजूबाजूचे चारजण नजर काढत नाहीत. तोल जातोय असं दिसलं की न सांगता हात पुढे येतात. मी रविवारी मैत्रिणीजवळ थांबले ते कदाचित तिथूनच आलं असेल.

पण सोहळ्याची आणि शर्यतीची तुलना मी करणार नाही. प्रदक्षिणा श्रद्धेची आहे, तिथे घड्याळ नाही. मला एकदा घड्याळाशी बघायचं होतं की शेहेचाळिसाव्या वर्षी चार दिवस सलग शरीर साथ देतं का. आणि तसं ठिकाण दोघींनी मिळून निवडलं. पुढच्या वर्षी यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर दोघी असू.

---

अस्थितज्ञ

हाडांचा डॉक्टर आहे, स्वतः धावतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, उतारावर वाढणारं दुखणं हे बहुधा मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याचं असतं. कमरेचे, कुल्ह्याचे स्नायू दमले की तो पट्टा गुडघ्याशी घासतो आणि दाबतो. सलग दिवसांच्या शर्यतीत हे फार दिसतं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी हृदय-फुप्फुसं ताजी असतात पण कुल्हे थकलेले असतात. एका पायावर उभं राहून बसणं-उठणं, कुशीवर पडून पाय उचलणं, हे आठवड्यातून तीनदा करा.

एक महत्त्वाचं. शर्यतीआधी किंवा मध्ये आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि चार दिवस रोज घेतल्या तर धोका वाढत जातो. तसंच भीतीपोटी घटाघटा नुसतं पाणी पिऊ नका, रक्तातलं सोडियम उतरतं. तहानेप्रमाणे प्या, बरोबर मीठ असू द्या. दुखण्याने चाल बदलली, म्हणजे लंगडणं सुरू झालं, तर धावणं थांबवून चालायचं. चालूनही वाढत असेल तर शर्यत सोडायची.

---

हुरडा

@अस्थितज्ञ, मी गोळी घेतली होती. शनिवारी रात्री एक आणि रविवारी पहाटे एक. हिला न सांगता.

तिने लिहिलं नाही ती गोष्ट हीच, तिला ती माहीतच नव्हती. गुडघा रविवारी नाही, शनिवारी अर्ध मॅरेथॉनच्या शेवटी दुखायला लागला. संध्याकाळी ती पाय बादलीत बुडवून बसली होती आणि मला विचारलं, "तुझं कसं?" मी म्हटलं, "एकदम मस्त." का? दोन वर्षांची भिशी, तिच्या बँकेची साठवलेली रजा, तिच्या सासूबाईंनी एकटीने सांभाळलेलं घर. माझ्या गुडघ्यापायी तिचं मोडायला नको.

२७ व्या किलोमीटरला मी ओरडले ते त्यामुळे. ती थांबली याचा राग नव्हता. मी लपवलं आणि त्याची किंमत ती देतेय, हे मला सहन होत नव्हतं. शनिवारी खरं बोलले असते तर रविवारी पहिल्यापासून जास्त चाललो असतो, चारपैकी दोन फोटो सोडले असते, आणि कदाचित मला शेवटचे १५ किमी लंगडावं लागलं नसतं.

त्या तीन किलोमीटरच्या अबोल्यानंतर तिने तो हिशोब सांगितला, ३९ वजा १५. त्याने मला वाचवलं. "तू करशील गं" असं म्हणाली असती तर मी रस्त्यातच बसले असते. आकड्यांवर माझा विश्वास बसला.

म्हणून तू थांबलीस ते बरोबर का, याचं उत्तर मी देते: बरोबर होतं. पण ठरवण्यात आपली चूक होती. "शेवटची ज्याची त्याची" हे आपण ऑगस्टमध्ये तळ्याच्या पायरीवर, ताज्या पायांनी ठरवलं. ते शनिवारी संध्याकाळी पुन्हा विचारायला हवं होतं.

---

तळ्याकाठची

गोळीचं मला आज कळतंय. बरं झालं लिहिलंस. फोन करते.

---

तळ्याकाठची

बोललो. पाऊण तास. आता आमचा एक नियम ठरलाय. सलग दिवसांची शर्यत असेल तर रोज संध्याकाळी जेवायच्या आधी दोघींनी कागदावर लिहायचं: कुठे दुखतंय आणि दहापैकी किती. मग कागद अदलाबदल. तोंडी विचारलं की "मस्त" म्हणायची जीभ होते. कागदावर आकडा लिहिताना हात तसा खोटं लिहीत नाही. पाचच्या वर कुणाचाही आकडा असेल तर दुसऱ्या दिवशीचा बेत पुन्हा ठरवायचा, आणि जो बेत ठरेल तो दोघींचा.

---

सातरस्ता

हे कागदाचं मी आणि माझा मेहुणा उद्यापासून करतो. आम्ही दोघंही "मस्त" म्हणणाऱ्यांतले.

---

पेठकरी

हुरडाताई, तुमचं वाचून गप्प झालो. माझं आधीचं बोलणं मागे घेत नाही, पण तुम्ही दोघी जे करून आलात ते काय आहे ते आता समजलं.

---

निंबोणी

मी आजवर गप्प वाचत होते. माझं तीन किलोमीटरच्या वर कधी धावून झालं नाही. धाकट्या जावेबरोबर पहाटे हुतात्मा बागेत जाते, ती माझ्यापुढे निघून जाते, मग मला वाटतं आपण उगाच तिला अडवतो. विमान वगैरे आम्हाला जमणार नाही. पण चार दिवस सलग काहीतरी करावं असं हे वाचून फार वाटतंय. सोलापुरातच काही होईल का?

---

हुरडा

@निंबोणी, होईल की. आम्ही डिसेंबरात तसंच करणार आहोत, तुम्ही दोघी या. गुरुवारी सिद्धेश्वर तळ्याभोवती ५ किमी. शुक्रवारी १०, कंबर तलावाकडे जाऊन परत. शनिवारी २१, आसरा पुलावरून होटगी रोडने. रविवारी तुळजापूरच्या रस्त्याने ज्याला जेवढं जमेल तेवढं, मागे माझ्या नवऱ्याची गाडी पाणी घेऊन. ज्यांना लांब जमत नाही त्यांनी चारही दिवस ३ किमी करायचे. रोज त्याच वेळी, त्याच जागी यायचं, ते सलगपण महत्त्वाचं. पदकं मी कापडाची शिवते, इरकलीचा काठ लावून, गळ्याला नाही, फक्त बिल्ल्याला.

जावेला आजच सांगा की तुम्हाला काय वाटतं ते. एक मिनिट धाव, एक मिनिट चाल असं दोघींनी केलं तर ती पुढे जाणारच नाही.

---

निंबोणी

सांगितलं. तिला वाटत होतं मलाच एकटीला हळू चालायला आवडतं, म्हणून ती पुढे जायची. येतो दोघी. काय काय आणायचं?

---

तळ्याकाठची

वापरातले बूट, नवे नकोत. सुती टी-शर्ट नको, घामाने जड होतो. डिसेंबरात पहाटे चांगलंच गार असतं, एक जुना स्वेटर अंगावर घाला, गरम झालं की कमरेला बांधायचा. एक वही आणि पेन, संध्याकाळच्या आकड्यांसाठी. पण डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. रविवारी पहाटे पाचला हुतात्मा बागेच्या दारात आम्ही आहोत, तीनच किलोमीटर, हुरडाचा गुडघा अजून तेवढ्यालाच परवानगी देतो.

---

हुरडा

आज दहापैकी दोन.